पहिली गाडी, पहिला पावसाळा

वीर स्टेशनात उतरलेल्या माणसाचा प्रवास तिथे संपत नाही. १९९३ साली रोह्याहून निघालेली कोकण रेल्वे सुरुवातीला वीरपर्यंतच धावली, आणि महाडला जाणारा माणूस आजही इथेच उतरतो. महाड शहर पुढे दहा-पंधरा किलोमीटरवर. बिरवाडी, नाते, पाचाड, वरंध, पोलादपूर त्याहून लांब. एसटीची वेळ जुळली तर एसटी, नाहीतर मिनीडोर, आणि तीही भरून निघून गेली असेल तर ओळखीच्या कुणाच्या तरी मोटारसायकलची मागची सीट. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाणारा कामगार असो, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारा मुलगा असो, की बाजाराला भाजी पोचवणारा शेतकरी असो. या भागात दुचाकी ही चैन राहिलेली नाही. घरातल्या मुलाला किंवा मुलीला अठरावे लागले की ‘गाडी कुठली घ्यायची’ हा विषय निघतोच.

त्या चर्चेत बहुतेक घरांत तीनच प्रश्न ऐकू येतात. वडील विचारतात, ॲव्हरेज किती देते? मुलगा विचारतो, पिकअप कसा आहे? आई विचारते, मागे बसायला नीट आहे ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण महाड-पोलादपूरच्या मुलखात सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न चौथा आहे: नुकती शिकलेली व्यक्ती ही गाडी पहिल्या पावसाळ्यात सांभाळू शकेल का? पहिली मोटारसायकल निवडण्याचा सगळा विषय या चौथ्या प्रश्नाभोवती लावून पाहिला, तर शोरूममध्ये अवघड वाटणारी निवड बरीच सोपी होते.

आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण निवडीला जागाच नव्हती. साठच्या दशकापासून खेड्यापाड्यांत दिसू लागलेली राजदूत, मैसूरची जावा आणि येझदी, मद्रासची बुलेट, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळणारी बजाजची स्कूटर, एवढाच काय तो बाजार. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. पुढे बजाजची एम-८० आली आणि मासळी विकणाऱ्यांपासून पोस्टमनपर्यंत कोकणात सर्वांची झाली. या गाड्यांनी नकळत एक मोठे काम केले. माणूस आधी सायकल शिकायचा, मग लुना किंवा एम-८०, आणि त्यानंतर मोठ्या गिअरच्या गाडीवर बसायचा. वजन आणि वेग दोन्ही पायरीपायरीने वाढत गेले.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली. चार स्ट्रोकचे इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची गरज नाही, आणि लिटरला तोवर कुणी न पाहिलेला ॲव्हरेज. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरने तोच वारसा गावागावांत नेला. २००१ साली बजाजने पल्सर काढली आणि तरुणांच्या तोंडी ‘दीडशे सीसी’ हा शब्द बसला. आज त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यातून केटीएमच्या ड्यूकही बाहेर पडतात. निवड वाढली ती चांगलीच गोष्ट झाली, पण मधली पायरी गळाली. सायकलवरून थेट पंचवीस अश्वशक्तीच्या गाडीवर बसणारा मुलगा आता प्रत्येक तालुक्यात आहे.

कायदाही त्याला अडवत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स एकच आहे. पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून ते मिळाले की आठ अश्वशक्तीची स्प्लेंडर आणि चाळीसच्या वर अश्वशक्तीची ३९० ड्यूक या दोन्ही त्याच कार्डावर चालवता येतात. युरोपात २०१३पासून तीन पायऱ्या आहेत. ए-१ लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा अश्वशक्ती; ए-२वर ३५ किलोवॅटपर्यंत; आणि दोन वर्षे ए-२वर काढल्यानंतर किंवा वय जास्त असल्यास थेट परीक्षा देऊन मोठ्या गाड्या. कायदा ही पायरी आखून देत नसेल तर ती घराने आखावी लागते.

नवख्याचा धोका खरोखर किती मोठा असतो, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजलिसमध्ये सुमारे नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली अहवाल दिला. अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक स्वारांना त्या विशिष्ट गाडीवर बसून पाच महिनेही झालेले नव्हते. ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. ‘आमच्या पोराला गाडी येते, मामाने शिकवली’ असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्या शिकण्यात काय राहून जाते ते या आकड्यांत दिसते.

पाच महिन्यांचा हा हिशेब कोकणातल्या कॅलेंडरवर ठेवून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे गाडी मुहूर्तावर घेतली जाते, पाडव्याला नाहीतर दसऱ्याला. पाडव्याला घेतलेल्या गाडीला जेमतेम दोन-अडीच महिन्यांत पाऊस गाठतो. स्वाराचा हात अजून बसलेला नसतो आणि रस्ता निसरडा झालेला असतो. दसऱ्याला घेतली तर रस्ते सुकू लागलेले असतात आणि पुढच्या मृगापर्यंत जवळजवळ आठ महिने सरावाला मिळतात. मॉडेल कुठलेही असो, या एका निर्णयाने जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी शोरूममधल्या कुठल्याही महागड्या सोयीने मिळत नाही.

आता रस्त्याकडे पाहू. वीरहून निघालेल्या नव्या स्वाराला एका दिवसात चार प्रकारचे रस्ते भेटतात. पहिला गावातला, अरुंद आणि वळणाचा. जून-जुलैत लावणीच्या दिवसांत शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर या डांबरावर चिखलाचे पट्टे सोडतात. दुसरा चौपदरी काँक्रीटचा मुंबई-गोवा महामार्ग. इथे शेजारून ट्रेलर आणि लक्झरी बस सुसाट जातात, आणि लांबचा वळसा वाचवण्यासाठी उलट बाजूने येणारी माणसेही भेटतात. तिसरा औद्योगिक वसाहतीकडचा. टँकरमधून सांडलेले डिझेल पहिल्या सरीत पाण्यावर पसरते आणि कोरड्यात सुरक्षित वाटणारे वळण साबणासारखे होते.

चौथा घाटाचा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटरमध्ये रस्ता साधारण साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरला पोचतो. पावसाळ्यात तिथे धुके, दरडीचे दगड आणि रस्त्यावरून वाहणारे वहाळ हे सगळे एकाच वळणावर हजर असू शकते. भोरकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवावा लागतो. खेडकडे जाताना आता कशेडीचा बोगदा आहे. लखलखीत उन्हातून एकदम अंधारात शिरताना डोळ्यांना जुळवून घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात, हे मोटारीतल्या माणसाला फारसे जाणवत नाही, दुचाकीवरच्याला जाणवते.

या चारही रस्त्यांवर नव्या स्वाराला उपयोगी पडणारी पहिली गोष्ट म्हणजे गाडीचे वजन. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आहे. होंडाची शाइन-१०० शंभर किलोच्याही किंचित खाली. पल्सर-१५० दीडशेच्या जवळ, रॉयल एन्फिल्डची हंटर-३५० सुमारे १८१ आणि क्लासिक-३५० सुमारे १९५ किलो. कागदावर हा फरक आकड्यांचा दिसतो. चिखलात गाडी कलंडली, पाठीवर दप्तर आहे आणि आजूबाजूला कुणी नाही, अशा वेळी तो फरक गाडी उचलता येणे आणि न येणे यातला असतो. नवखा माणूस भर वेगात जितका पडतो त्याहून कितीतरी जास्त वेळा उभ्या गाडीसकट किंवा यू-टर्न घेताना पडतो. साइड स्टँड मऊ मातीत रुततो, उतारावर मागे घेताना पाय सटकतो. हलकी गाडी अशा वेळी सावरता येते. जड गाडी पायावर येते.

वजनाच्या जोडीला सीटची उंची पाहावी. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, आर-१५ची ८१५, नव्या २०० ड्यूकची त्याहूनही थोडी अधिक. पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या मुलीला किंवा मुलाला या तीन सेंटिमीटरने फार फरक पडतो. दोन्ही तळवे जमिनीला टेकतात की फक्त चवडे, हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही. विकणाऱ्याला सांगून गाडी बाहेर, उताराच्या जागेवर घ्यावी आणि तिथे बसून पाहावे. मुली पहिली गाडी म्हणून बहुतेक स्कूटर घेतात, त्यामागे हे उंचीचेही कारण आहे. पण आजवर खपलेल्या बहुतेक स्कूटरची चाके दहा-बारा इंची आहेत, आणि मोटारसायकलची सतरा-अठरा. महामार्गाच्या वळणरस्त्यांवर आणि गावातल्या खड्ड्यांत मोठे चाक खड्डा ओलांडून जाते, लहान चाक त्यात उतरते. महाड बाजारपेठेपुरते फिरायचे असेल तर स्कूटर उत्तम. रोज वीर ते बिरवाडी करायचे असेल तर मुलींनीही शंभर सीसीच्या मोटारसायकलचा विचार जरूर करावा.

दुसरी गोष्ट ब्रेक. ‘पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील’ हे वाक्य कोकणात गाडी शिकवणारा प्रत्येक काका-मामा सांगतो, आणि ते चुकीचे आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करू शकतो. पडतो तो माणूस ब्रेक एकदम आवळल्याने, वळणात किंवा वाळूवर दाबल्याने. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते, तोवर हात ब्रेकवर गेलेलाही नसतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. गुरे आडवी आली, समोरची एसटी थांबली, तर फक्त मागच्या ब्रेकवर विसंबलेला स्वार घसरत जाऊन आदळतो.

म्हणूनच एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना लागू झालेला नियम नवख्यांसाठी फार मोलाचा ठरला. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. त्याखालच्या गाड्यांना किमान कॉम्बी ब्रेक, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसचे काम चाक लॉक होऊ न देणे. ओल्या काँक्रीटवर घाबरून मुठीत आवळलेला ब्रेक चाक जाम करतो; एबीएस ते चाक फिरते ठेवते आणि गाडी सरळ राहते. जमत असेल तर १२५ सीसीच्या वर्गातही डिस्क आणि एबीएस असलेले मॉडेल शोधावे. पैसे कमी पडत असतील तर रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ सोडून द्यावे, ब्रेक सोडू नये.

इथे घाटातली एक सवय सांगितलीच पाहिजे. पेट्रोल वाचवायला आंबेनळी किंवा कशेडी उतरताना इंजिन बंद करून, न्यूट्रलवर गाडी सोडणारे आजही दिसतात. असे केले की इंजिनाची अडवणूक नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. छोट्या गाड्यांचे ड्रम ब्रेक लांब उतारावर तापतात आणि तापले की पकड सोडतात. उताराला दुसरा-तिसरा गिअर ठेवावा, गाडी आपोआप रोखली जाते. याच कारणाने जुन्या आरएक्स-१००चा हट्ट पहिल्या गाडीसाठी पुरवू नये. ती १९८५ ते १९९६ या काळातली गाडी आजही तरुणांच्या स्वप्नात आहे आणि सेकंड-हँड बाजारात भाव खाऊन जाते. पण दोन स्ट्रोकच्या इंजिनाची उतारावरची अडवणूक फार कमी असते, आणि ब्रेक त्या काळचेच असतात. ती दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून खुशाल घ्यावी.

सेकंड-हँड घेणे मात्र पहिल्या गाडीसाठी वाईट नाही. पहिली गाडी एकदोनदा पडणारच आहे. जुनी पडली तर जीव कमी जळतो. महाड परिसरात एक खबरदारी वेगळी घ्यावी लागते. २२ जुलै २०२१च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या आणि रस्त्यावरच्या गाड्याही गाळात बुडाल्या. त्याआधीची गाडी विकत घेताना सीट काढून खालच्या सांध्यांत सुकलेला गाळ आहे का, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, हे पाहावे. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर तिथूनच परतावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ असेल तर ते रबर २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातले आहे, नक्षी कितीही नवी दिसो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय आणि नाव चढवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

नव्या गाडीच्या किमतीबाबत एक बदल लक्षात घ्यायला हवा. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे शंभर सीसीची गाडी स्वस्त झाली, तशीच साडेतीनशेची बुलेटही आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली. हप्ता थोडाच जास्त बसतो म्हणून मोठी गाडी घेण्याचा मोह इथेच होतो. फलकावरच्या किमतीत रस्ता कर, पासिंग आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळवला की खरा आकडा कळतो, आणि त्यानंतर चेन-स्प्रॉकेट, टायर, सर्व्हिसिंगचा खर्च गाडीच्या आकाराप्रमाणे वाढत जातो. शंभर सीसीच्या गाडीचा केबल किंवा ब्रेक शू नाते-पाचाडच्या वाटेवरचा फिटरही बदलून देतो. मोठ्या गाडीच्या सुट्या भागासाठी कधी पनवेलची वाट धरावी लागते.

विजेच्या गाड्या आणि २०२४ साली आलेली बजाजची सीएनजी मोटारसायकल या दोन्हींकडे तरुणांचे लक्ष आहे. शहरात त्या पटतील. वादळवाऱ्यात वीज जाणाऱ्या वाड्यांमध्ये आणि गॅसचा पंप रोजच्या वाटेवर नसेल तिथे पहिली आणि एकुलती एक गाडी म्हणून त्या घेण्याआधी थांबावे.

आईच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. मागच्या माणसासाठी पकडायला दांडा, पायटा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून जाळी, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितल्या आहेत. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणारी मुले आहेत. घरात पातळ नेसणारी आजी असेल तर तो काढू देऊ नये. उंच, आखूड मागच्या सीटवर तिला एका बाजूला बसवून महामार्गावर नेणे हे तिच्या जिवाशी खेळणे आहे. आणि शिकाऊ लायसन्सवर शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही, हेही पुष्कळ घरांना माहीत नसते.

हेल्मेटची किंमत गाडीच्या किमतीतच धरायला हवी, एक नव्हे तर दोन हेल्मेटची. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांची संख्या ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. आयएसआय छाप असलेले, पट्टा नीट बसणारे आणि पावसात दिसेल अशा स्वच्छ पारदर्शक काचेचे हेल्मेट घ्यावे. काळी काच संध्याकाळच्या पावसात आंधळे करते.

अठराच्या आतल्या मुलाला किल्ली देणाऱ्या पालकांसाठी २०१९च्या दुरुस्तीने कायदा स्पष्ट आहे. त्या मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ‘फक्त दासगावपर्यंतच जातो’ ही सबब तिथे चालत नाही.

या सगळ्याचा निवाडा असा. महाड-पोलादपूर भागातल्या नव्या स्वाराने पहिली गाडी शंभर ते सव्वाशे सीसीची, सव्वाशे किलोच्या आतबाहेरची, दोन्ही तळवे टेकतील इतक्या उंचीची घ्यावी. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, रेडर यांपैकी कुठली, हे जवळच्या सर्व्हिस सेंटरवरून ठरवले तरी चालेल. त्यांच्यातला फरक नवख्यासाठी फार मोठा नाही. दीडशे ते दोनशेची गाडी एक पूर्ण पावसाळा काढल्यावर घ्यावी, साडेतीनशेची त्यानंतर. पहिले दोन आठवडे गावच्या मैदानात काढावेत: आठचा आकडा, तीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक लावून सरळ थांबणे, पुन्हा तेच. मग गावातला रस्ता, मग महामार्ग. घाट सर्वांत शेवटी. साकवावरून पाणी जात असेल तर गाडी बाजूला लावून थांबायचे, कितीही घाई असली तरी.

मुंबईत पहिली गाडी घेतलेल्या आणि गणपतीला ती घेऊनच गावी येऊ पाहणाऱ्या चाकरमानी मुलांना एक विनंती आहे. भाद्रपदातला तो पाऊस, ती वाहनांची रांग आणि पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता पहिल्या वर्षीच्या हातांसाठी नाही. यंदा रेल्वेने या. वीरला उतरा, घरचे कुणीतरी न्यायला येईल.